टिळक की तिलक? शब्दांच्या स्पर्धा आणि आपली शाळा

सर्वोच्च न्यायालयाजवळून जाणाऱ्या रस्त्याचे नाव इंग्रजी अमदानीत हार्डिंज अ‍ॅव्हेन्यू असे होते. स्वातंत्र्यानंतर त्याला लोकमान्यांचे नाव मिळाले. जवळच्या रेल्वे स्थानकालाही तेच नाव आहे आणि पश्चिम दिल्लीतील एका मोठ्या वसाहतीलाही. या तिन्ही ठिकाणच्या पाट्यांवर मात्र टिळक नाहीत, 'तिलक' आहेत. हिंदीच्या नित्य व्यवहारात 'ळ' नाही, आणि 'टि'चा 'ति' कसा झाला हे सांगायला कपाळावरचा टिळा पुरेसा आहे. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या पालकांना ती पाटी खटकते. इथेच वाढलेल्या मुलांना ती खटकत नाही आणि वर्गातल्या धड्यात 'टिळक' दिसले की त्यांना तीच छपाईची चूक वाटते. मराठी लिहावे कसे, या प्रश्नावर लोकमान्यांनी स्वतः १९०४ मध्ये 'केसरी'तून विस्ताराने लिहिले होते, हे ठाऊक असले की या पाट्यांकडे पाहून थोडे हसू येते.

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेत मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास लिहावा, अशी अपेक्षा असते. इमारत, देणगीदार, निकाल यांविषयी या अंकात इतरांनी लिहिलेच आहे. मी एका वेगळ्या इतिहासाकडे वळते. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतील सहावीची एक विद्यार्थिनी इंग्रजी स्पेलिंगच्या एका राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. फेरी गुरुग्रामच्या एका सभागृहात झाली. रसिक, मर्मज्ञ अशा अर्थाचा 'कॉनसर' हा फ्रेंचमधून आलेला शब्द तिच्या वाट्याला आला, त्यातील दोन 'एस'पैकी एक सुटला आणि ती बाहेर पडली. शाळेत तिचे कौतुक झालेच. पण त्याच महिन्यात एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याचे पत्र आले. मराठी माध्यमाच्या शाळेने इंग्रजी स्पेलिंगच्या ढालीसाठी मुलांचे वर्ष खर्ची घालावे काय, असा त्यांचा सवाल होता. उलट, प्रवेशाच्या दिवसांत येणारे पालक हमखास विचारतात, "इंग्रजीचं कसं? स्पर्धांना पाठवता ना?" पहिलीच्या पटावरची नावे कमी होत चाललेली असताना हा प्रश्न हलक्याने घेता येत नाही. पत्राला त्या वेळी मी चार ओळींचे उत्तर पाठवले होते. त्याचे सविस्तर उत्तर इतिहासात आहे, असे मला वाटते.

स्पेलिंगच्या स्पर्धा इंग्रजीतच का जन्माला आल्या, याचे कारण उघड आहे. उच्चार आणि लेखन यांची जिथे फारकत झालेली नाही, तिथे अशी स्पर्धा रंगत नाही. आपल्याकडे पाठांतराच्या स्पर्धा झाल्या, गाण्यांच्या भेंड्या झाल्या, वक्तृत्वाच्या झाल्या. 'मुंगूस' कसे लिहायचे यावर कोणी सभा भरवली नाही. इतकेच काय, 'स्पेलिंग' या क्रियेला आपल्याकडे रुळलेला शब्दही नाही. हिंदीत 'वर्तनी' आहे, जुन्या दिल्लीकरांच्या तोंडी 'हिज्जे' आहे. आपण मात्र मराठीत बोलतानाही स्पेलिंगच पाठ करतो.

अमेरिका स्वतंत्र झाल्यानंतर नोआ वेब्स्टर यांनी १७८३ मध्ये मुलांसाठी स्पेलिंगचे पुस्तक काढले. पिढ्यान्‌पिढ्या ते घरोघरी राहिले. खेडोपाडी शाळेच्या खोलीत संध्याकाळी माणसे जमत आणि दोन बाजू करून शब्दांचे सामने खेळत. या जमण्याला 'बी' म्हणत. ही मधमाशी नव्हे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शेजाऱ्यांनी मिळून एकाचे काम उरकायचे, कणसे सोलायची, गोधड्या शिवायच्या, अशा मेळाव्यांना तिकडे 'बी' म्हणत असत. आपल्या शेतकऱ्यांची इर्जिक आठवावी: सगळ्यांनी आपापले नांगर घेऊन एकाच्या शेतात उतरायचे आणि शेवटी सगळ्यांनी तिथेच जेवायचे. स्पर्धा त्यात नंतर शिरली.

ती शिरल्यावर मंचावर कोण उभे राहू शकते, हा प्रश्नही शिरला. १९०८ मध्ये अमेरिकेतील शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेच्या वेळी क्लीव्हलंड येथे शहराशहरांच्या संघांची स्पर्धा झाली. यजमान संघात मेरी बोल्डेन ही चौदा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी होती. तिच्यासह स्पर्धेत उतरण्यास न्यू ऑर्लिन्सच्या संघाचा आक्षेप होता. क्लीव्हलंडने तिला वगळले नाही. तिने एकही चूक केली नाही आणि तिचा संघ जिंकला. त्यानंतर १९२५ मध्ये नऊ वृत्तपत्रांनी मिळून वॉशिंग्टन येथे राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. अकरा वर्षांचा फ्रँक न्यूहाउझर 'ग्लॅडिओलस' या फुलाच्या नावावर जिंकला आणि त्याला पाचशे डॉलरची सोन्याची नाणी मिळाली. तीच स्पर्धा आज स्क्रिप्स यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या इतिहासात कृष्णवर्णीय अमेरिकन मुलीला विजेतेपद मिळायला २०२१ साल उजाडले. झैला अव्हाँ-गार्ड ही विजेती न्यू ऑर्लिन्स ज्या लुईझियाना राज्यात आहे तिथलीच. तिचा शेवटचा शब्द 'मुराया' हा होता. हे एका वनस्पतिवंशाचे नाव. बागेतली पांढरी कुंती त्या वंशातली आणि फोडणीतल्या कढीलिंबाची गणनाही वनस्पतिशास्त्रज्ञ त्यातच करीत आले आहेत.

आता आपल्या जवळचा धागा. १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि शिकलेल्या भारतीयांना तिथे जाण्याची वाट मोकळी झाली. योगायोग असा, की आपल्या शाळेचा पहिला वर्गही त्याच वर्षी भरला. तिकडे गेलेल्या कुटुंबांची मुले वीस वर्षांत त्या मंचावर पोहोचली. १९८५ मध्ये बालू नटराजन हा तेरा वर्षांचा मुलगा जिंकला. भारतीय वंशाचा तो पहिला विजेता. पुढे हे इतके नित्याचे झाले, की गेल्या पंचवीस वर्षांतील बहुसंख्य विजेते भारतीय वंशाचे आहेत. २०१९ मध्ये तर परीक्षकांजवळचे कठीण शब्द सरले आणि आठ जणांना एकत्र विजेते घोषित करावे लागले. त्या आठांत टेक्सासचा सोहम सुखटणकर होता. ते आडनाव वाचून आपल्या शिक्षकखोलीत झालेला आनंद मला आठवतो. जणू आपल्याच वर्गातला मुलगा.

याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. भारतीयांची पाठांतराची सवय, आईवडिलांची चिकाटी वगैरे. मला ती अर्धवट वाटतात. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ साउथ फाउंडेशनने तिथल्या भारतीय मुलांसाठी गावोगावी सरावस्पर्धा भरवल्या आणि त्यातून भारतातील गरजू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या उभारल्या. म्हणजे ही मुले मोठ्या मंचावर जाण्याआधी कितीतरी छोट्या मंचांवर उभी राहिलेली असतात. आणि त्याहून खोल कारण स्थलांतरिताचे आहे. नव्या देशात ओळख नसते, वशिला नसतो, बोलण्याची ढब वेगळी असते. शब्दकोश मात्र सर्वांना सारखाच उघडा असतो. पहाडगंज, करोलबाग, रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहती इथे बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

मग मराठीला स्पेलिंगचा प्रश्नच नाही का? आहे, आणि तो गेली दोनशे वर्षे धगधगता आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये. छापखाना आणि सरकारी शाळा आल्यावर एकच शब्द दहा जणांनी दहा प्रकारे लिहून चालेना. मेजर कँडी यांनी क्रमिक पुस्तकांची भाषा तपासायला घेतली, तिथून 'शुद्ध' कोणते आणि ते ठरवणार कोण, हा वाद सुरू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी उच्चाराला धरून लिहावे, नको ते अनुस्वार टाकून द्यावेत, असा आग्रह नव्या मंडळींनी धरला, तेव्हा टिळकांना लेखणी उचलावी लागली. पुढे सावरकरांनी 'अ'चीच बाराखडी सुचवली. 'अि, अी, अु' असे छापलेले जुने अंक काही वाचकांनी पाहिले असतील. अखेरीस १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले, त्याने चौदा नियम तयार केले आणि महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये ते मान्य केले. १९७२ मध्ये आणखी चार नियम जोडले गेले. आज आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो, ते हे अठरा नियम.

म्हणजे आपली शाळा सुरू झाली तेव्हा ही लेखनपद्धती अवघी तीन वर्षांची होती. शाळेचे पहिले हजेरीपट आणि पत्रव्यवहाराची वही मी या निमित्ताने पुन्हा चाळली. जुन्या गुरुजनांच्या टपोऱ्या अक्षरांत 'विद्यार्थ्याचें नांव', 'कांहीं', 'शाळेंत' असे शब्द सर्वत्र आहेत. हे अनुस्वार उच्चारात नव्हते. ते शब्दाचे पूर्वरूप किंवा विभक्ती दाखवीत. 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी, हा भेद एका टिंबावर उभा होता. ते टिंब गेले, आता वाक्यावरून अर्थ ओळखावा लागतो. १९६८ च्या सुमाराच्या एका पानावर तर एकाच हाताने आधी 'नांव' लिहून मग टिंब खोडलेले दिसते. वयाच्या चाळिशीत आपले लेखन बदलून मुलांना नवे शिकवणाऱ्या त्या पिढीचे मला फार नवल वाटते. संगणकावर शिकवायला लागलो म्हणून आम्ही केवढी कुरकुर केली होती!

महाराष्ट्रातल्या शाळेचा प्रश्न इथे संपला असता. दिल्लीत त्यात भर पडली. नव्या नियमांनुसार संस्कृतातून आलेल्या शब्दांच्या शेवटी येणारे इकार-उकार मराठीत दीर्घ झाले: कवी, गती, शक्ती, गुरू, पशू. हिंदीत ते संस्कृताप्रमाणे ऱ्हस्वच राहिले. १९६० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय हिंदी निदेशालय याच शहरात आहे. देवनागरी आणि हिंदी वर्तनी यांच्या प्रमाणीकरणाचे काम तिथून झाले. परिणामी आपल्या मुलाच्या दप्तरात एकाच लिपीची दोन पुस्तके असतात. पहिल्या तासाला बरोबर असलेले 'कवि' तिसऱ्या तासाला चूक ठरते. त्यातच मराठीत 'कवी' दीर्घ असला तरी 'कविमन' ऱ्हस्व. 'रवी' दीर्घ, पण 'रविवार' ऱ्हस्व. आणि 'आणि', 'तथापि', 'परंतु' ही अव्यये कायम ऱ्हस्व. मूल गोंधळले तर नवल नाही. न गोंधळणारी मुले भेटतात, याचेच मला नवल वाटत आले आहे.

'काल' आणि 'काळ' यांचा घोळ वेगळाच. 'ळ' जिभेवरून गेला की लेखणीतूनही जातो. तो पुन्हा आणण्यासाठी आमच्या प्राथमिकच्या बाई वर्षानुवर्षे बाळ, माळ, फळा, शाळा असे शब्द गाऊन घेतात. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळांतून शिकवणाऱ्यांशी बोलावे, तर त्यांची अडचणही हीच, फक्त तिथे हिंदीऐवजी इंग्रजी.

मराठी जसे बोलतात तसेच लिहितात, हा समजही पूर्ण खरा नाही. 'जग' हा दुनियेचा वाचक शब्द आणि 'जगणे'तला 'जग' लिहायला एक, उच्चारायला दोन. अकारान्त शब्दांचा नियम तर याहून बारीक आहे. 'विहीर', 'सून', 'फूल' यांत शेवटच्या अक्षराआधीचा स्वर दीर्घ; पण 'मंदिर', 'गुण', 'विष' यांत तो ऱ्हस्व. कारण पहिले शब्द मराठीचे, दुसरे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. 'विहिरीत', 'सुनेला', 'फुलाचा' असे रूप बदलले की मराठी शब्दातला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, 'शरीर' या तत्सम शब्दाचे मात्र 'शरीराला' होते. शब्द कुठून आला हे कळल्याशिवाय तो कसा लिहायचा हे कळत नाही.

गुरुग्रामपर्यंत गेलेल्या त्या विद्यार्थिनीने तयारीच्या वहीत तीन रकाने पाडले होते: शब्द, अर्थ आणि मूळ भाषा. स्पर्धेत मुलाला ध्वनिक्षेपकासमोर प्रश्न विचारण्याची मुभा असते, आणि जाणती मुले पहिल्यांदा मूळ भाषाच विचारतात. ग्रीक असेल तर 'फ'साठी 'पी-एच', फ्रेंच असेल तर शेवटची अक्षरे मुकी असण्याचा संभव, जर्मन असेल तर वेगळा हिशेब. मराठीच्या तासाला 'मंदिर' आणि 'विहीर' यांचा नियम आला तेव्हा ती म्हणाली, "बाई, मग इथेही आधी शब्द कुठून आला ते विचारायचं?" आमच्या मराठीच्या बाईंनी हे शिक्षकखोलीत सांगितले, तेव्हा माझ्यापुरता त्या पत्राचा निकाल लागला. इंग्रजी शब्दांसाठी लागलेली सवय मराठीच्या कामी आली होती. आजवर आम्ही तिला नियम पाठ करायला सांगत होतो, आणि तिने विचारला होता प्रश्न.

याच नियमावर एक गंभीर आक्षेप आहे, तो इथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. शब्द तत्सम आहे की नाही, हे ओळखायला संस्कृत यावे लागते. मग ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या संस्कृताचा वारा लागू दिला गेला नाही, त्या घरातल्या मुलाने काय करायचे? मराठी भाषेच्या अभ्यासकांत या प्रश्नावर दीर्घकाळ वाद झाले आहेत आणि सर्व इकार-उकार एकाच प्रकारचे करावेत, अशाही सूचना झाल्या आहेत. मला या आक्षेपात बरेच तथ्य दिसते. 'अशुद्ध' या एका शिक्क्याने किती मुलांची लिहिण्याची हौस संपवली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आपल्या शाळेत गेली काही वर्षे तपासताना 'अशुद्ध' असा शेरा मारीत नाहीत. शब्दाखाली रेघ ओढतात आणि मुलाने कोश पाहून कारणासह तो पुन्हा लिहायचा असतो. नियम बदलेपर्यंत तो सर्वांना सारखा उपलब्ध करून देणे एवढे तर शाळेच्या हाती असते. शिवाय नियम बदलतातच. २००९ मध्ये शासनाने 'ल' आणि 'श' यांची ठरावीक वळणे प्रमाण ठरवली, २०२२ मध्ये त्या निर्णयात सुधारणा झाली. आमच्या भिंतीवरचा तक्ता दोनदा बदलला.

इंग्रजी शब्दस्पर्धांना आम्ही मुले पाठवणे थांबवलेले नाही. मात्र शुल्क भरून घेऊन प्रत्येकाला पदक देणाऱ्या स्पर्धांना पाठवीत नाही, हे पालकांना या निमित्ताने स्पष्ट सांगते. तयारीच्या वर्गात मुंगसाचा शब्द आवर्जून घेतो. 'एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई' लिहून झाल्यावर मूळ भाषा विचारली, की कोशाचे उत्तर येते: मराठी. बोंबलाला इंग्रजीत 'बमलो' म्हणतात, तोही बहुधा आपल्याच किनाऱ्यावरून गेलेला. ज्या भाषेला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी मुलांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रार्थनेनंतर ऐकली, तिचे शब्द साहेबाच्या कोशात सापडले की त्यांना अधिक गंमत वाटते. मला यात वावगे काही दिसत नाही.

त्याबरोबर आपली एक स्पर्धाही सुरू झाली आहे. मंचावर दोन फळे असतात, एक मराठीचा आणि एक हिंदीचा. शब्द एकदाच उच्चारला जातो आणि मुलाने तो दोन्ही फळ्यांवर लिहायचा असतो: शक्ती आणि शक्ति, गुरू आणि गुरु. विशेषनामांच्या फेरीत टिळक आणि तिलक हटकून येतात. अर्थ व मूळ भाषा विचारण्याची मुभा आहे. गेल्या वर्षी अंतिम फेरीत पाचवीतल्या एका मुलाला 'रविवार' आला. तो बराच वेळ दोन्ही फळ्यांकडे पाहत राहिला. वेळ संपत आल्यावर त्याने दोन्हीकडे एकच शब्द लिहिला आणि परीक्षकांना विचारले, "दोन्हीकडे सारखाच चालतो ना?" प्रेक्षकांत बसलेल्या आजोबांनी खुर्चीतूनच "चालतो, चालतो!" म्हटले, म्हणून तो शब्द नियमाप्रमाणे बाद करून दुसरा द्यावा लागला. तोही त्याने बरोबर लिहिला.

२०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत भरलेल्या संमेलनानंतर इतक्या वर्षांनी ते इथे आले होते. आपली मुले तिथे गेली आणि पुस्तकांच्या दालनातून सर्वाधिक खरेदी त्यांनी कशाची केली असेल, तर खिशात मावणाऱ्या शुद्धलेखनाच्या पुस्तिकांची. दोन फळ्यांची फेरी जवळ आली होती, हे त्यामागचे खरे कारण.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. १९६५ ते १९७५ या काळातील आपल्या निबंधाच्या, श्रुतलेखनाच्या वह्या कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत राहिल्या असतील, तर त्या शाळेकडे पाठवाव्यात. टिंबे जाताना आणि वेलांट्या दीर्घ होताना दाखवणारी ती पाने ग्रंथालयात एका कपाटात मांडायची आहेत. तांबड्या शाईच्या खुणा पुसू नयेत. त्या पाहायला मुलांना सर्वांत अधिक आवडते.